आमच्या ओसरीवरचा बॅरिस्टर

६ नोव्हेंबर १९७८, सोमवार. उपास.

सकाळी अंगणात मुरमाची बंडी रिकामी झाली. सेवकरामनं आणवली. सेवकराम माझा धाकटा दीर. डोक्यात पिठाच्या चक्कीशिवाय दुसरं काही नाही. सगळ्यांसमोर सांगून टाकलं की राधाबाईंच्या खोलीतला मागाचा खड्डा बुजवून तिथं विजेची चक्की बसवतो, कारण ती खोली बाजाराच्या गल्लीवर उघडते.

राधाबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. विधवा. सासऱ्यांनी खणलेल्या त्या खड्ड्यात पाय सोडून लग्नापासून लुगडी विणतात. तसला माग उचलून दुसरीकडे नेता येत नाही, तो जमिनीचाच असतो. नवा खणायला घरात जागा नाही. आमच्या ओसरीत खणावा तर बसस्टँडच्या रस्त्याची सारी धूळ सुतावर. खोली गेली की जाऊबाईंना लेकीकडे आंबागडला जावं लागेल, आणि लेकीच्या घरात लेकीची सासू आहे.

जाऊबाई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, बुजवाचा असन त बुजवा बाप्पा, मी त्यातच बसून राहतो, वरून टाका मुरूम.

रात्री हे म्हणाले, भंडाऱ्याच्या वकिलाला विचारून पाहू. विचारायचीच फी किती ते ऐकून माझा उपास आणखी कडक झाला.

संकल्प: जाऊबाईंची खोली वाचवायची. वकिलावर पैसा घालायचा नाही. रागवायचं नाही, रागवलं की भूक लागते.

मी मॅट्रिक आहे. गल्लीतल्या बायकांत एकटी. इंग्रजीत काठावर पास झाले होते, पण त्या वर्षी पेपरच कठीण होता.

९ नोव्हेंबर, गुरुवार.

देवीनं ऐकलं. नारळ न फोडता ऐकलं, हे विशेष.

मोहाडीतच, चौंडेश्वरीच्या देवळात गेले तर पायरीवर गोरा माणूस. दाढी, झोळी, पायात काही नाही, पण अंगात काळा कोट. काळा कोट पाहताच माझ्या मनात उजेड पडला. इंग्रजीत विचारलं, यू लॉयर? तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग माझ्या हातातल्या प्रसादाच्या ताटाकडे पाहिलं आणि म्हणाला, यस.

नंतर आपणच सांगितलं की साधा लॉयर नाही, बॅरिस्टर. लंडन. हायकोर्ट. नाव डेनिस. हावडा मेलनं मुंबईकडे निघाला होता, वरठीला टी.सी.नं उतरवलं. एवढ्या स्टेशनांतून टी.सी.ला नेमकं आमचंच स्टेशन सुचावं, यात देवीचा हात नाही तर कुणाचा?

त्याचं जवळजवळ सगळं समजलं. जे समजलं नाही ते त्यानं हातवारे करून सांगितलं, म्हणजे तेही समजलं. फी विचारली. दोन वेळचं जेवण, बस.

१० नोव्हेंबर, शुक्रवार.

बॅरिस्टर ओसरीवर उतरले. यांनी दारातूनच विचारलं, हे काय आणलंस? सांगितलं. यांनी कोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, याची सनद पाहिली काय? मी म्हटलं, घरी आलेल्या पाहुण्याची सनद पाहतात का कुणी?

जाऊबाई जोत्याशी येऊन पाहून गेल्या. म्हणे, काय व विजयमाला, हा बालिस्टर अनवाणी काहून?

विलायतेत मोठी माणसं साधी राहतात, असं मी समजावलं.

लाखोरीच्या डाळीचं वरण, भात. साहेब चार वेळा भात घेतात. उद्यापासून वरणात एक तांब्या पाणी जास्त. पातळ वरण पचायला बरं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार.

इतिहास घडला. सेवकरामला इंग्रजीतून नोटीस दिली.

साहेबांनी दुपारभर बसून लिहिली. अक्षर असं की कुठून सुरू होतं तेच कळत नाही. खाली लाख लावली (यांच्या जुन्या पार्सलावरची, खरवडून, वितळवून), आणि तिच्यावर साहेबांनी कोटाचं पितळी बटण दाबलं. बटणावर नांगर आहे, शेतातला नव्हे, जहाजाचा. बॅरिस्टर लोकांची खूण नांगर असते, हे मला आजच कळलं.

सेवकरामनं नोटीस उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली. त्याची बायको वच्छला म्हणाली, हे विलायतीचं काम दिसून राहिलं जी, हात नोका लावू. त्यानं कागद गणपतीच्या फोटोमागं ठेवला. मुरमाला आज कुणी हात लावला नाही. जाऊबाई दिवसभर विणत होत्या. मागाची खटखट ऐकून मला भरून आलं आणि मी साहेबांना तूप वाढलं. अर्धा चमचा.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार.

सकाळपासून ओसरीवर माणसं. कवडूची म्हैस शेजाऱ्यानं बांधून ठेवली. बायजाबाईचा नवरा तुमसरला दुसरी करून बसला. एकाला तर तक्रारच नव्हती, गोरा पाहायला आला होता.

साहेब सगळ्यांचं डोळे मिटून ऐकतात आणि एक शब्द बोलतात: वेट. थांबा. केवढा खोल सल्ला. नुसतं थांबा म्हटलं तर लोकांना कमी वाटतं, म्हणून मी मराठी करताना थोडं घालते. कवडूला सांगितलं, म्हशीला तुमची आठवण येईल, ती स्वतः सुटून येईल, तोवर भांडू नका. बायजाबाईला सांगितलं, सोळा सोमवार धर. लंडनच्या कायद्यात सोळा सोमवार असतीलच असं नाही, पण नसावेत असंही कुठं लिहिलेलं नाही.

संध्याकाळी कवडू येऊन पाया पडला. म्हैस आली. (तिला शेजाऱ्यानंच सोडली म्हणतात, चारा परवडेना. तपशील.)

मला आता वकिलीणबाई म्हणतात. मी कुणाला म्हणायला सांगितलं नाही. एकदाच सांगितलं.

संकल्प: पुढच्या वर्षी आपण स्वतः वकिलीची परीक्षा द्यायची. पुस्तकं जुनी घ्यावीत.

२२ नोव्हेंबर, बुधवार.

साहेब दुपारी जेवायला नव्हते. रात्रीही नव्हते. वरण उरलं. उद्या त्यात पीठ पेरून झुणका.

सेवकरामच्या घरून कोंबडीच्या रश्शाचा वास. वच्छलाला विचारलं तर म्हणे, पाहुणा आहे जी वहिनी, तुमचावालाच. काल त मोहाची दारूबी आणली होती यायनं.

हे हसले. मी नाही हसले. विलायतेत बॅरिस्टर दोन्ही बाजूंचा अभ्यास करतात. विरुद्ध पक्षाचं मन जाणायचं तर त्याच्या ताटात बसल्याशिवाय कसं जाणणार? साहेब माझ्यासाठी कोंबडी खात आहेत. शाकाहारी घरातून निघून तो त्रास सोसणं सोपं नाही.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार.

सेवकरामकडून मला नोटीस. इंग्रजीत. लाखेवर तेच बटण, तोच नांगर.

हे म्हणाले, आता काय म्हणतेस? मी शांतपणे वाचली. माझ्या नोटिशीपेक्षा लहान आहे. म्हणजे साहेबांनी तिथं मन लावलेलं नाही. त्यांचं मन आपल्या बाजूला आहे, पोट तेवढं तिकडे आहे.

जाऊबाईंनी माग थांबवून विचारलं, विजयमाला, मले एक सांग, हा दोघायचाबी बालिस्टर असन त जिंकीन कोन?

मी म्हटलं, न्याय.

त्या म्हणाल्या, म्हंजे मी आंबागडले बोचकं बांधू काय? आणि पुन्हा विणायला लागल्या. रात्री झोप नाही. लेकीची सासू जाऊबाईंना चहाला साखर मोजून देते. मीही मोजून देते, पण प्रेमानं.

२७ नोव्हेंबर, सोमवार. उपास.

ठाण्यात गेले. तक्रार: माझा वकील कोंबडी देऊन पळवला.

जागेश्वर जमादारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाले, बाई, कोंबडीची कलम नाही. कोंबडी चोरली त आहे, खाऊ घातली त नाही. मग म्हणाले, पण परदेशी माणूस ठाण्यात नोंद न करता वकिली करून राहिला, हे पाहावं लागते. वही घेऊन माझ्याबरोबर निघाले. मला वाटलं, झालं, आता बेड्या. साहेबांसाठी जीव तुटला.

साहेब आमच्याच ओसरीवर होते. (सेवकरामकडे आज कोंबडी नव्हती.) जमादार त्यांच्यासमोर उभे राहिले आणि कडक सलाम ठोकला. हात आपोआप गेला, असं नंतर म्हणाले. मग मला म्हणाले, यायले विचारा, बिनासनदीच्या गोऱ्यानं वकिली केली त कोणत्या कलमाखाली धराचं? मी विचारलं. साहेबांनी डोळे मिटले. म्हणाले, असं कलम कुठेच नाही.

जमादारांनी वहीत लिहून घेतलं: असे कलम नाही, असे सदर बॅरिस्टर यांनी सांगितले. मग आपल्या बदलीचा अर्ज साहेबांकडून इंग्रजीत लिहून घेतला आणि चहा पिऊन गेले. चहा माझा.

१ डिसेंबर, शुक्रवार.

सेवकरामनं धमकी दिली की येत्या रविवारी मुरूम टाकतोच. म्हणून साहेबांना घेऊन एस.टी.नं भंडाऱ्याला, कोर्टातून स्टे आणायला. जाऊबाईही बरोबर. साहेबांचं तिकीट पूर्ण पडलं, खाली वाकून बसा म्हटलं तरी.

कोर्टाच्या आवारात काळे कोटच काळे कोट. एक म्हातारे वकील आमच्यापाशी आले आणि साहेबांशी भराभर इंग्रजीत बोलले. साहेब आधी हसले, मग खाली पाहिलं, मग पाय हलवायला लागले. म्हातारे वकील मोठ्यानं हसत मराठीत म्हणाले, अहो बाई, हा माणूस जहाजावर बटाटे सोलत होता. कोट तिथलाच. वकिली केलेली नाही. हां, कोर्टात मात्र उभा राहिला आहे, दोनदा, पिंजऱ्यात.

आवारातल्या साऱ्या वकिलांनी तोंडात रुमाल घातले.

ते वकील साहेबांना दारावरच्या हवालदाराकडे घेऊन गेले. हवालदार म्हणाला, गोऱ्याले धरलं त पंचनामा इंग्रजीत लिहावा लागते, अन आमचा इंग्रजीवाला लग्नाले गेला. सोमवारी आणा.

परत येताना एस.टी.त जाऊबाई पदरानं डोळे पुसत हसल्या. म्हणाल्या, बटाटे सोलते म्हंजे कामाचा माणूस आहे व, उद्या त्याले भाजी चिराले बसव.

मी विचार केला. सनद म्हणजे कागद. कागद उंदीर खातात. आणि हे सारे वकील कोर्टाची एकच बाजू पाहिलेले. साहेबांनी पिंजऱ्यातूनही पाहिलं आहे. अनुभव कुणाचा मोठा?

तरी मनातल्या मनात थोडंसं काहीतरी झालं. ॲसिडिटी असावी.

२ डिसेंबर, शनिवार.

साहेबांना जायला सांगायचं ठरवलं. सांगायला गेले तर ते खरंच बटाटे सोलत बसले होते. साल इतकी पातळ की पलीकडचं दिसावं. एवढ्या पातळ सालीच्या माणसाला घालवणं पाप आहे.

यांनी भय्याजींना मध्ये घातलं. भय्याजी आमच्या समाजातले सगळ्यात वडील. ते सेवकरामला म्हणाले, घरचा मामला घरात तोडू, दहा तारखेला बैठक बसवतो, तोवर मुरमाले हात लावजो नोको. सेवकरामनं ऐकलं. भय्याजींचं सगळे ऐकतात. (हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, असं हे म्हणाले. पहिल्या दिवशी मला बॅरिस्टर भेटायचे होते ना.)

७ डिसेंबर, गुरुवार.

साहेबांनी युक्ती दिली. मोठी युक्ती. हातवारे करून समजावली, दोनदा.

बैठकीत आपण होऊन सेवकरामला मोठी वस्तू देऊ करायची. अशी, जी तो कधीच घेणार नाही. तो नाही म्हणाला की लोक म्हणतील, पहा, बाई किती उदार आणि हा किती हट्टी. मग खोली आपोआप जाऊबाईंची. आणि नुसत्या बोलण्यानं काही जात नाही, सही लागते. लंडनमध्ये.

मी विचारलं, काय देऊ करायचं? साहेब ओसरीवर आडवे पडले होते. त्यांनी नुसता हात पसरला.

ओसरी. खरंच. माझ्या देवघराच्या भिंतीला लागून आहे. समोर तुळस. देवाच्या भिंतीला चक्की कोण लावील? सेवकराम कसाही असला तरी गणपतीला घाबरतो, नोटीससुद्धा त्याच्यामागं ठेवली. नाहीच म्हणणार. शंभर टक्के.

आमच्या बैठकीत सुपारी फुटली की शब्द परत घेता येत नाही, हे मला माहीत आहे. पण तो नाही म्हणणार, म्हणजे सुपारी फुटण्याचा प्रश्नच नाही. कायदा आणि रीत, दोन्ही बाजूंनी मी सुरक्षित.

यांना सांगितलं नाही. यांच्यात धाडस कमी.

१० डिसेंबर, रविवार. सकाळी.

नवं लुगडं नेसते. जाऊबाईंनी विणलेलं. देवीला कबूल केलं, जिंकले तर खणानारळानं ओटी. नारळ मध्यम.

१० डिसेंबर, रविवार. दुपारी.

अंगणात बैठक बसली. साहेब मुरमाच्या ढिगावर बसले होते, सगळ्यांपेक्षा उंच.

भय्याजींनी जाऊबाईंना विचारलं, बाई, तुमचं काय म्हणणं? जाऊबाई म्हणाल्या, माझं म्हणणं काई नाई, माझे पाय त्या खड्ड्याले ओळखते, मले दुसऱ्या जागी बसवलं त हात चालते पण पाय चालत नाई. सेवकराम खाली पाहायला लागला.

तिथंच थांबायला हवं होतं, असं हे आता म्हणतात.

मी उठले. पदर सावरला. म्हटलं, सेवकरामभाऊजींचा धंदा बुडावा अशी माझी इच्छा नाही. खोली जाऊबाईंना राहू द्या. चक्कीला मी माझी ओसरी देते.

सेवकरामनं वर पाहिलं. तोंड उघडं. म्हणाला, खरंच वहिनी? बसस्टँडच्या रस्त्यावरची? अवो, मी पहिलेपासून तेच मनात धरून होतो, तुमाले मांगाची हिंमतच नाई झाली. म्हणून त मागची खोली मांगितली.

आणि खिशातून अडकित्ता काढला. अडकित्ता घेऊनच आला होता. मी देवघराचं बोलायला तोंड उघडेपर्यंत सुपारीचे दोन तुकडे.

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी डोळे मिटले.

मग यांच्याकडे पाहिलं. सगळेच यांच्याकडे पाहत होते. हे म्हणाले, हिनं शब्द दिला, मी काय बोलू? आणि सुपारीचा तुकडा तोंडात टाकला.

जाऊबाई सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात पडल्या. म्हणाल्या, लहान जाऊ असून मायसारखं केलं व तू. मी म्हटलं, त्यात काय.

११ डिसेंबर, सोमवार. उपास. खरा.

साहेब पहाटे निघून गेले. झोळी, कोट आणि उरलेली पोळी घेऊन, तुमसरच्या रस्त्यानं. जाताना जाऊबाईंच्या दाराशी सोललेल्या बटाट्यांची पाटी ठेवून गेले.

दहा वाजता जागेश्वर जमादार आले. भंडाऱ्याहून हुकूम आला होता, सदर इसमाला ताब्यात घ्या. गेला म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. कुठल्या बाजूनं गेला विचारलं. तुमसर म्हटल्यावर म्हणाले, मंग आता हद्दीबाहेर असन, तिकडल्यायनं पाहावं. बदलीच्या अर्जाचं काही आलं का विचारलं मी. म्हणाले, आलं ना. आमच्या मोठ्या साहेबानं परत पाठवला, म्हणे वाचता येऊन नाई राहिला.

मुरूम ओसरीच्या जोत्याला टाकला. चक्कीला पक्कं जोतं लागतं म्हणे.

देवीला ओटी भरावी की नाही, विचार चालू आहे. खोली तर वाचली. जिंकले असं म्हणायला हरकत नाही. पण नारळ फोडण्याइतकं जिंकले का?

१२ डिसेंबर, मंगळवार.

ओटी भरली. नारळ लहान.

१५ जानेवारी १९७९, सोमवार.

संक्रांत झाली, आज चक्कीचा मुहूर्त. सेवकरामनं माझ्या हातून बटण दाबवलं. मोठा मान. बटण दाबलं आणि देवघरातला बाळकृष्ण आडवा पडला. उचलून ठेवला. पुन्हा पडला. शेवटी झोपवूनच ठेवला, अंगावर फडकं घालून.

देवांवर पीठ बसतं. पण पांढरं आहे, पवित्र दिसतं. तुळशीवरही.

एक मोठा फायदा मी आधीच मनात धरला होता: आपली ओसरी, म्हणजे दळण फुकट. संध्याकाळी गव्हाचा डबा घेऊन दिमाखात गेले. सेवकराम म्हणाला, वहिनी, घरच्यायले फुकट केलं त साऱ्या मोहाडीत आपले घरचेच निघते. तुमचे अर्धे घेईन.

अर्धे. मी मान्य केलं. डबा पुढे सरकवला.

तर म्हणाला, नंबर लावा वहिनी.

ओसरीभर बायका. कवडूची बायको, बायजाबाई, जमादारीणबाई, कोण कोण. राधाबाईंचा डबा मात्र सगळ्यात पुढे, कारण त्यांना परत मागावर बसायचं होतं, आणि त्याला कुणाची हरकत नव्हती. माझीही नाही. पण मी म्हटलं, बाई गं, ही ओसरी माझी आहे.

बायजाबाई म्हणाली, हो ना जी वकिलीणबाई, म्हणूनच त तुमी मागं बसा. आमाले अंधार व्हाच्या आत घरी पोचाचं आहे. तुमाले काय, उठलं की घर.

पॉइंट बरोबर होता. बसले.